थांबायची सोय

दिवाळीच्या खरेदीची यादी करण्याचा मान आमच्या घरात माझ्याकडे आहे. मान म्हणजे काय, तर बाकीच्यांनी सांगावे आणि मी लिहावे. अक्षर बरे आहे आणि हाताला दुसरे काम नाही, एवढ्या दोन गुणांवर निवृत्तीनंतर हे पद मला मिळाले. यंदाही दसरा उलटल्यावर मी एक पाठकोरा कागद घेऊन बसलो आणि ‘पातळ पोहे, दोन किलो’ इथून श्रीगणेशा केला. उटणे झाले, पणत्या झाल्या, तळणीचे तेल झाले, आणि मागून नातीचा आवाज आला, “आजोबा, लिहा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. स्वस्तातले, पण चांगले.”

मी लिहिले. शिक्षकाच्या हाताला सांगितलेले लिहून काढण्याची सवय असते. अर्थ मागाहून कळतो. शिवाय ‘स्वस्तातले, पण चांगले’ हे शब्द आमच्या घराण्यात काही नवे नाहीत. लग्नातले शालू, भाड्याच्या जागा, फार काय, एक-दोन जावईसुद्धा आम्ही याच अटीवर पाहिले आहेत. पण तळणीच्या तेलाच्या खालोखाल ब्रेक पाहिल्यावर मात्र मी चष्मा काढला आणि म्हटले, “हे काय?”

तेव्हा उलगडा झाला. नात कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. दोन मुलांच्या शिकवण्या करते आणि त्या पैशांतून दीड वर्षापूर्वी तिने एक जुनी माउंटन बाइक घेतली. आमच्या वेळी सायकल म्हणजे सायकल असे; आता तिच्यातही जाती-पोटजाती झाल्या आहेत. ही जाड टायरची, पुढच्या बाजूला स्प्रिंगा असलेली, डोंगरातली जात. दर रविवारी पहाटे ती आणि तिच्या मैत्रिणी सिंहगडावर जातात. पायथ्यापासून वर गाडीतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा घाट आहे. चढायला घाम निघतो आणि उतरायला हात मोडतात. घरी आली की अर्धा तास तिला चहाचा कप धड धरता येत नाही. तिच्या सायकलला डिस्कचे ब्रेक होते, पण ते तारेने ओढायचे. तार गंजते, ताणते आणि बोटांनी लावलेला निम्मा जोर वाटेतच खाऊन टाकते.

“गेल्या रविवारी शेवटच्या वळणावर ब्रेक जरा उशिरा लागला,” ती हसत म्हणाली.

सगळे हसले. मी यादीवरून मान वर केली नाही. “किती पैसे साठलेत?” एवढेच विचारले.

“आठ हजार.”

“उद्या जाऊ.”

म्हातारा इतक्या तातडीने उठला याचे घरात सर्वांना आश्चर्य वाटले. कारण मी कुणाला सांगितले नाही. ते पुढे ओघाने येईलच.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलच्या दुकानात गेलो. माझ्या डोळ्यांसमोर सायकलचे दुकान म्हणजे पाण्याचे घमेले, त्यात बुडबुडे शोधणारा एक बनियनवाला आणि तासावर भाड्याने द्यायच्या दहा-बारा काळ्या सायकली. हे दुकान पाहून मी चपला बाहेर काढाव्यात की काय अशा विचारात पडलो. तेवढ्यात आतून चाळिशीचा एक गृहस्थ हात पुसत आला आणि खाली वाकला. “सर, ओळखलंत? पास्कलच्या नियमाला तुम्ही मला पाचपैकी एक मार्क दिला होता.”

वाचकहो, शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग वारंवार येतात आणि ते नेमके गरजेच्या वेळी येतात. मी ओशाळून म्हटले, “आज त्याच नियमाचं दुकान काढलंस की!”

“तो एक मार्क कसा वाढवायचा हेच बघतोय, सर.”

आणि त्याने वाढवला. काउंटरवर एक ब्रेक उघडा करून ठेवला होता, तो त्याने मला समजावून सांगितला. मुठीपाशी लिव्हर, लिव्हरच्या पोटात एक लहान पिस्टन, तिथून तेलाने भरलेली बारीक नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला चाकापाशी कॅलिपर. कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन मोठे पिस्टन. चाकाच्या हबला एक पोलादी तबकडी बसवलेली असते, तिला ही मंडळी रोटर म्हणतात. आपण बोटाने लिव्हर दाबली की तेलावरचा दाब कुठेही न गळता पलीकडे पोचतो. तिथले पिस्टन मोठे, म्हणून जोरही मोठा. आणि दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ब्लेझ पास्कल १६६२ साली वारला. तीस वर्षे मी त्याचा नियम फळ्यावर लिहीत आलो. दोन पिचकाऱ्या नळीने जोडून वर्गात तो दाखवलाही. पण एका बोटाने चाक जागच्या जागी थांबते, हा त्या नियमाचा अर्थ माझ्या बोटाला पंचाहत्तराव्या वर्षी कळला.

मग निवड सुरू झाली. कपाटात तीन प्रतींचा माल होता. एक अगदी स्वस्त, कुणा अनोळखी कंपनीचा, दिसायला सोनेरी. दुसरा साधा काळा, शिमानोचा एमटी २०० नावाचा, आणि त्याच्या शेजारी त्याच तोडीचा टेक्ट्रोचा. तिसरा चार पिस्टनांचा, भारदस्त, किमतीला दुप्पट-तिप्पट. नातीची नजर सोनेरी ब्रेकवर गेली. माझी नजर तिसऱ्यावर खिळली.

“हा दे,” मी म्हटले. “वरचे पैसे मी घालतो.”

“आजोबा, माझं बजेट ठरलंय.”

“ठेव मोडू आपण एक. ब्रेकमध्ये काटकसर करायची नाही!”

माझा आवाज नको इतका चढला असावा. नात माझ्याकडे बघत राहिली. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने शांतपणे चार पिस्टनांचा ब्रेक परत कपाटात ठेवला. “सर, हा चांगलाच आहे. पण जे डोंगरावरून उड्या मारत उतरतात, तासाचं उतरणं ज्यांना रोजचं, त्यांच्यासाठी. ताईला दोन पिस्टन पुष्कळ झाले.” मग सोनेरी ब्रेक उचलून तो म्हणाला, “आणि हा ताईला आवडलाय. लागेलही झकास. पण दोन वर्षांनी याचे पॅड कुठं मिळतील ते मलाही ठाऊक नाही.” साध्या काळ्या ब्रेकचे पॅड मात्र त्याच्या एका खणात गच्च भरले होते. तो खण उघडून दाखवत त्याने सांगितले, “ब्रेक घेताना ब्रेक बघू नये सर, हा खण बघावा.”

हे वाक्य मला पटले. भाडेकरू असताना जागेपेक्षा पाण्याचा नळ आधी बघावा, तशातलेच हे.

तेलाच्याही दोन जाती निघाल्या. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या पुष्कळ ब्रेकांत मोटारीसारखे डॉट नावाचे तेल असते. डॉट तेल हवेतली ओल पिते. ताजे डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल प्यायल्यावर त्याची हमी १५५ अंशांवर येते. म्हणून ते ठराविक काळाने बदलावेच लागते, आणि रंगावर सांडले तर रंग खाते. मिनरल ऑइलला ओल पिण्याचे व्यसन नाही. मात्र एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचे तेल कधीही घालू नये. आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. आमच्या घरात जावा-जावांची फोडणी एकमेकींच्या कढईत चालत नसे, त्याची मला आठवण झाली.

उकळण्याचा विषय निघाला तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. मी बिलाच्या पाठीवर गणित मांडले. नात आणि सायकल मिळून ७० किलो. घाटाची उंची सुमारे ६०० मीटर. उतरताना जी शक्ती मोकळी होते ती चार लाख ज्यूलच्या वर. म्हणजे सव्वा लिटर पाणी उकळेल इतकी. घरातल्या सर्वांचा चहा होऊन वर शेजाऱ्यांना एकेक कप देता येईल. त्यातला काही वाटा वारा आणि टायर घेतात, पण उरलेली सगळी उष्णता त्या दोन पातळ तबकड्यांना आणि नखाएवढ्या पॅडना पचवावी लागते. आमच्या जुन्या सायकलींत ती रिमला आणि रबराला पचवावी लागे.

हे गणित पाहून विद्यार्थ्याने मान डोलावली. “म्हणूनच सर, उरलेले पैसे तबकडीत घालू. पुढची १८० मिलिमीटरची, मागची १६०. पुढचा चिमटा ती मोठी तबकडी घेतो, मी तपासलंय.” ब्रेक लावला की सगळे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकाला मोठी तबकडी. व्यास आठव्या हिश्शाने वाढला की तेवढ्याच जोरात पकडही साधारण तेवढीच वाढते. किंमत मात्र चार पिस्टनांच्या मानाने काहीच नाही. मागच्या बाजूला सायकलच्या सांगाड्याची बैठक जुन्या पद्धतीची होती, तिथे एक अडॅप्टर लागला. स्वस्त तबकड्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असते. तिथे धातूमिश्रित पॅड लावले तर ते तबकडीच खातात, म्हणून पॅडही रेझिनचेच घेतले. चिखलपाण्यात ते लवकर झिजतात, पण आवाज कमी करतात. सगळा हिशेब होऊन आठ हजारांतले दोनशे रुपये उरले. नातीने ते परत पाकिटात ठेवले.

दुकानाबाहेर आल्यावर तिने विचारले, “आजोबा, तुम्ही एवढे का चिडलात?”

“चिडलो नाही,” मी म्हटले, आणि रस्ता ओलांडायला लागलो.

आता ते सांगायला हवे.

साल १९६६. मी सोळा वर्षांचा, धाकटा भाऊ अकरा. वडिलांची एक काळी सायकल होती, दांड्यांच्या ब्रेकची. मूठ दाबली की दांडा वर उचलला जाई आणि रबराचे दोन तुकडे रिमला आतून घासत. ती रबरे झिजून पार पत्र्याला टेकली होती. आईने मला एक रुपया दिला आणि सांगितले, रबरे बदलून आण. मी गेलो. दुकानात चाकाच्या हबवर फिरणारे रंगीत गोंडे नवीनच आले होते, लाल-पिवळे, फिरताना इंद्रधनुष्य व्हावे असे. मी गोंडा घेतला. घरी आल्यावर आईने विचारले, “बदलली का रबरं?” मी म्हटले, “बदलली.”

त्यानंतरच्या रविवारी सासवडला मावशीकडे जायचे होते. भाऊ मागे कॅरिअरवर. जाताना दिवे घाट ढकलत चढलो. येताना मावशीने लोणच्याची बरणी दिली, ती भावाने मांडीवर घेतली. घाटाच्या माथ्यावर आलो आणि पावसाची पहिली सर आली. खाली मस्तानी तलाव दिसत होता. भाऊ मागून गाणी म्हणत होता. पहिल्या वळणावर मी दोन्ही मुठी दाबल्या. ओले लोखंडी रिम आणि झिजलेले रबर यांचे काय नाते असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मुठी दाबल्या गेल्या, एवढेच झाले. दुसऱ्या वळणापर्यंत आमचा वेग असा झाला की भावाचे गाणे थांबले. मला सुचले ते एवढेच की दरीकडे जायचे नाही. मी सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली.

मला खरचटले. भावाचा डावा कोपर मोडला. हाडवैद्याने तो बसवला, पण तो पुरता सरळ कधी झालाच नाही. घरी आल्यावर आई बरणीबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मला कळले की काय झाले आहे. वडील म्हणाले, “पाऊसच तसा होता.” आणि मी तेच धरून बसलो. पाऊस तसा होता. आई गेली, वडील गेले. पावसाचे ते कारण तसेच राहिले.

म्हणून त्या दिवशी दुकानात मला सर्वांत महाग ब्रेक हवा होता. रुपयाचे देणे मी ठेव मोडून फेडायला निघालो होतो.

दोन दिवसांनी ब्रेक बसवून झाले. विद्यार्थ्याने सायकल देताना सांगितले, नवे ब्रेक आल्या आल्या घाटात न्यायचे नाहीत. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन वीसेक वेळा ब्रेक लावायचा, म्हणजे पॅडचा पातळ थर तबकडीवर नीट बसतो आणि मग पकड येते. तबकडीला तेलकट बोट लावायचे नाही. चाक काढले असताना लिव्हर दाबायची नाही, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही. जोरात लावायचा, सोडायचा, तबकडीला वारा लागू द्यायचा.

“आणि सर, एक सगळ्यांत महत्त्वाचं,” तो म्हणाला. “तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजला की लिव्हर ढिली लागते, कळतं. यात पॅड झिजेल तसा पिस्टन आपोआप पुढं सरकतो. बोटाला सगळं ठीकच वाटत राहतं. म्हणून बोटावर विश्वास ठेवायचा नाही. डोळ्यांनी बघायचं. अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा.”

मी मुकाट्याने ऐकून घेतले. पाचपैकी एक मार्क दिलेला मुलगा मला शिकवत होता, आणि प्रश्न पास्कलचा नव्हता.

वाटेत मला सारखे वाटू लागले की इतकी वर्षे मी चुकीच्या गोष्टीची खंत करत आलो. आमची गरिबी होती, सायकल जुनी होती, रबरे दोन-चार आण्यांची होती, पण त्यांतल्या कशानेही कोपर मोडला नाही. दोन-चार आण्यांची नवी रबरे बसवली असती तर आम्ही बरणीसकट घरी आलो असतो. मोडला तो ‘बदलली’ या एका शब्दाने. स्वस्त ब्रेक माणसाला घात करत नाही. न बघता ‘ठीक आहे’ म्हटलेला ब्रेक घात करतो, मग तो कितीही पिस्टनांचा असो. हे कळल्यावर ठेव मोडण्याची इच्छाही आपोआप मावळली.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात एक विधी चालतो. नात सायकल भिंतीला टेकवते, मी बॅटरी धरतो आणि आम्ही दोघे कॅलिपरच्या फटीत डोकावतो. सून म्हणते, देव पाहिल्यासारखे पाहता.

पाडव्याला धाकटा भाऊ फराळाला आला. आता तोही सत्तरीचा आहे. चिवड्याची बशी तो उजव्या हातानेच घेतो. डावा हात पुरता सरळ होत नाही. नातीने त्याला अंगणात नेले. “धाकटे आजोबा, बघा ना, अजून केवढा जाड आहे पॅड!”

त्याने वाकून पाहिले. “हे बघायला कुणी शिकवलं तुला?”

“आजोबांनी.”

तो माझ्याकडे वळला. मी पायरीवर बसलो होतो. आता नाही तर कधीच नाही, असे वाटले, आणि मी नातीदेखत सांगून टाकले. रुपया, गोंडा, ‘बदलली’. मान खाली घालून सांगितले. वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलांना मी तसेच उभे करत असे.

भावाने चकलीचा तुकडा मोडला. “मला ठाऊक होतं, दादा.”

“काय ठाऊक होतं?”

“रविवारी सायकल पुसायचं काम माझं होतं ना! गोंडा नवा आणि रबर जुनंच. मला दिसलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर आईनं मावशीकडे जाऊ दिलं नसतं. मला जायचं होतं.” आणि थोडे थांबून तो म्हणाला, “शिवाय गोंडा छानच दिसत होता.”

जवळजवळ साठ वर्षे मी जे एकटा वाहत होतो, त्याचे दुसरे टोक मागे कॅरिअरवर बसलेल्या या पोराच्या हातात होते, आणि दोघांनीही ते एकमेकांना कळू दिले नव्हते. काय बोलावे ते मला सुचेना. नात आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मग भावाने आपला वाकडा हात पुढे करून सायकलची लिव्हर एका बोटाने दाबली आणि सायकल पुढे ढकलून पाहिली. ती जागची हलली नाही.

“छान आहे,” तो म्हणाला. “केवढ्याला पडला?”

“स्वस्तातच,” नात म्हणाली.

रात्री मी दिवाळीची यादी काढली. सगळ्या जिनसांपुढे खुणा झाल्या होत्या. कागद फेकण्यापूर्वी त्याच्या उरलेल्या जागेत पुढच्या वर्षीसाठी पहिली ओळ लिहून ठेवली: ‘ब्रेकचे पॅड, एक जोडी. आधी बघणे, मग बदलली म्हणणे.’